एक पद धरून मागे जावे : विसाव्या शतकाच्या आरंभीचे लोकप्रिय संगीत कसे शोधावे

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागले की तासाभरात सावनेर येते. याच गावी २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी यांचे निधन झाले. त्यांचे ‘एकच प्याला’ त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, पण ते पाहायला गडकरी उरले नव्हते. नाटकातील पदेही त्यांची नव्हेत, ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्वांनी गायिलेल्या या पदांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या निघाल्या आणि ज्या गावांत नाटक मंडळी कधी पोहोचली नाही तेथेही सिंधूचा आवाज पोहोचला. जुन्या संगीताकडे वळू इच्छिणाऱ्याला मी नेहमी याच नाटकातील ‘कशि या त्यजूं पदाला’ हे एक पद हाती देतो आणि महिनाभर दुसरे काही ऐकू नका असे सांगतो.

हा आग्रह अनुभवातून आलेला आहे. जुनी गाणी ऐकायची म्हणून कोणी विचारले की बहुतेक जाणकार शंभर गाण्यांची यादी देतात. ऐकणारा उत्साहाने दहा-बारा गाणी लावतो, खरखरीने त्याचे कान थकतात, सगळे आवाज एकसारखे वाटू लागतात आणि आठवड्याभरात तो नाद सुटतो. याउलट एक पद धरले, ते कोणी लिहिले, कोणत्या चालीवर बांधले, कोणी गायिले, केव्हा मुद्रित झाले असे एकेक धागा उलगडत मागे गेले, तर त्या एका पदातून तो सगळा काळ हळूहळू उघडत जातो.

आधी त्या काळाचा नकाशा थोडक्यात मनाशी असावा. मराठी मुलखात विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत लोकांच्या तोंडी असलेले संगीत हे मुख्यतः रंगभूमीचे होते. बोलपट १९३१ मध्ये आला आणि पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा. त्याआधी गाणे गाजायचे ते नाटकातून, आणि त्याच्या जोडीला लावणी, भजन, ठुमरी यांच्या तबकड्यांतून. हिंदुस्थानातील ध्वनिमुद्रणाचा खरा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला झाला. फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा मुद्रक तेथे आला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. मेणावरचे ते मूळ मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जाई आणि तबकड्या तेथे छापल्या जात. तेथील कामगारांना कोणाची तबकडी कोणती हे कळावे म्हणून गायक गाणे संपताच आपले नाव उच्चारीत. गौहर जान यांच्या तबकडीच्या शेवटी ‘माय नेम इज गौहर जान’ असे जे ठसक्यात ऐकू येते, त्यामागे हे कारण आहे. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला आणि तबकड्या येथेच छापल्या जाऊ लागल्या.

या तारखा ध्यानात ठेवण्याचा एक उपयोग असा की जे मिळणारच नाही त्याच्या मागे वेळ जात नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीतील गायक नट भाऊराव कोल्हटकर यांच्या आवाजाची वर्णने वाचून कोणालाही तो ऐकावासा वाटेल, परंतु ते १९०१ मध्ये वारले, म्हणजे गैसबर्ग येण्याआधी. त्यांच्या नावाने कोणी ध्वनिमुद्रण देऊ केले तर ते ताबडतोब नाकारावे.

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. पद निवडल्यावर प्रथम ऐकू नये, प्रथम वाचावे. नाटकाची जुनी छापील प्रत मिळवावी. नागपुरात विदर्भ साहित्य संघाचे ग्रंथालय आणि सीताबर्डीवरील राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय येथून आरंभ करता येतो, आणि ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांचा पुस्तकांचा पेटारा आहे त्यांनी तो आधी उघडावा. नव्या आवृत्तीपेक्षा जुनी बरी, कारण जुन्या आवृत्त्यांत पदाच्या माथ्यावर बारीक अक्षरांत एक ओळ असते आणि नव्या छपाईत ती कित्येकदा गाळलेली असते. त्या ओळीत राग, ताल आणि पुढे ‘चाल’ दिलेली असते. चाल म्हणजे हे पद ज्या आधीच्या गाण्यावर बेतले आहे त्याचे पहिले शब्द.

या ओळीपाशी मी मुद्दाम थांबतो, कारण माझ्या मते अख्ख्या शोधात तिच्याइतका मोलाचा पुरावा दुसरा नाही. संगीत नाटकांच्या रचनाकारांनी चाली हवेतून काढल्या नाहीत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० च्या ‘शाकुंतल’पासून कीर्तनातील साकी, दिंडी हे पद्यप्रकार आणि जनांच्या ओठांवरच्या चाली घेतल्या. पुढे १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांनी संगीत दिले, तेव्हा ठुमरी आणि ख्यालाच्या बंदिशी मराठी शब्द लेवून रंगमंचावर आल्या. म्हणून चालीच्या ओळीत एखाद्या हिंदी ठुमरीचे शब्द दिसले की ते वहीत उतरवून घ्यावेत आणि त्या शब्दांनी वेगळा शोध घ्यावा. मूळ ठुमरी कोणा गायिकेच्या जुन्या तबकडीवर सापडली, तर दोन्ही गाणी लागोपाठ ऐकावीत. जी जागा ठुमरीत लाडिक वाटते तीच मराठी पदात आर्जवी कशी होते हे कानांना आपोआप कळते. मी असे पहिल्यांदा केले ती रात्र मला अजून आठवते. वर्षानुवर्षे ऐकलेले पद त्या रात्री मला नव्याने ऐकू आले.

वाचून झाल्यावर ध्वनिमुद्रण शोधायला घ्यावे. इंटरनेट आर्काइव्हवर आणि यूट्यूबवर संग्राहकांनी चढवलेल्या हजारो तबकड्या आहेत, पण त्या सापडत नाहीत याचे मुख्य कारण शुद्धलेखन हे आहे. ‘कशि’ आणि ‘कशी’, ‘त्यजूं’ आणि ‘त्यजू’ अशी प्रत्येक जोडी वेगवेगळी टाकून पाहावी. मग तेच शब्द रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहावेत, कारण तबकड्यांच्या लेबलांवर नावे बहुधा रोमनमध्ये आणि कारकुनाच्या मर्जीप्रमाणे लिहिलेली असत. बालगंधर्व हे नाव जोडून, तोडून आणि नारायणराव राजहंस या मूळ नावानेही शोधावे. पदाने काही न मिळाल्यास नाटकाच्या नावाने शोधावे. पदाचे शब्द, राग, नाटक आणि संगीतकार पडताळण्यासाठी ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ उपयोगी पडते आणि व्यक्तींची माहिती मराठी विश्वकोशात मिळते, जो आता संगणकावर वाचता येतो.

तथापि नावावर विसंबू नये. बालगंधर्वांच्या ढंगात पुढे अनेकांनी ती पदे गायिली, त्यांतील काही ध्वनिमुद्रणे बालगंधर्वांच्याच नावाने फिरत असतात. खुद्द बालगंधर्वांनीही अनेक वर्षे मुद्रणे केली, त्यामुळे तरुण आवाज आणि उतारवयातला आवाज यांत मोठे अंतर आहे. अशा वेळी साक्ष द्यावी ती क्रमांकांनी. प्रत्येक तबकडीवर दोन प्रकारचे क्रमांक असतात. एक लेबलावर छापलेला, जो दुकानदार आणि गिऱ्हाईक वापरीत. दुसरा मुद्रणाचा, जो लेबलाभोवतीच्या गुळगुळीत कड्यात कोरलेला किंवा उमटवलेला असतो. लेबलावरचा क्रमांक पुनर्मुद्रणात बदलू शकतो, पण कोरलेला क्रमांक त्या एका मुद्रणाचाच असतो.

नागपुरातील महाल भागात आमच्या आत्याच्या वाड्यात एका लोखंडी ट्रंकेत अशा सोळा तबकड्या निघाल्या. त्यांतील एकीचे लेबल कसरीने इतके खाल्ले होते की कुत्र्याच्या चित्राचा अर्धा भाग आणि इंग्रजीतील दोन अक्षरे एवढेच शिल्लक होते. तबकडी दिव्याखाली तिरपी धरली, बोटाने हळूच फिरवत नेली, आणि एका कोनात त्या काळ्याभोर कड्यावर बारीक आकडे चमकले. ते उतरवून घेऊन संग्राहकांनी तयार केलेल्या सूचीशी ताडले, तेव्हा नाटक आणि गायक दोन्ही कळले. अशा सूची तयार करण्याचे काम फार थोड्या लोकांनी फार कष्टाने केले आहे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेचे नियतकालिक आणि मायकेल किनिअर यांनी सिद्ध केलेल्या सूची यांचा आधार घेतल्यावाचून या विषयात ठाम विधान करू नये.

आता ऐकण्याविषयी. बहुतेक जण येथेच माघार घेतात. १९२५ पूर्वीच्या मुद्रणांत मायक्रोफोन नव्हता. गायक एका मोठ्या कर्ण्यासमोर तोंड नेऊन गात असे आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात खाच कोरत असे. त्यामुळे तार सप्तकातले, धारदार, खणखणीत आवाज चांगले उतरले. तबल्याचा बायाँ, म्हणजे डग्गा, जवळजवळ नाहीसा झाला, तंबोरा तर बहुधा ऐकूच येत नाही. ही गायकाची उणीव समजू नये. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत, बारा इंचीवर चारच्या आसपास. रंगमंचावर वन्समोअर घेत घेत लांबणारे पद तीन मिनिटांत बसवायचे म्हणजे आलाप सोडायचा, अंतऱ्याकडे धाव घ्यायची आणि जी तान घ्यायची ती एकदाच, पण नेमकी घ्यायची. काही अभ्यासक या घाईला दोष देतात. मला मात्र त्या तीन मिनिटांत गायकाने काय वगळायचे ठरवले हे ऐकणे फार शिकवणारे वाटते.

पहिल्यांदा ऐकताना छापील पद समोर ठेवावे आणि फक्त शब्द ऐकावेत. खरखरीतून व्यंजने वेगळी काढायला कानाला सहा-सात वेळा तरी लागतात. त्यासाठी आवाज मोठा न ठेवता उलट कमी ठेवावा. दुसऱ्या फेरीत गायकाकडे दुर्लक्ष करून केवळ साथ ऐकावी, म्हणजे ऑर्गन किंवा हार्मोनियम कोठे पुढे येते, सारंगी आहे की नाही, ठेका कोणता आहे. तिसऱ्या फेरीत डोळे मिटून सगळे एकत्र ऐकावे. शक्यतो खरखर काढून ‘स्वच्छ’ केलेली प्रत टाळावी. आक्रमक सफाईत खरखरीबरोबर श्वास, ओठांचा स्पर्श आणि शब्दांच्या कडाही पुसल्या जातात, आणि त्या काळचे गाणे मुख्यतः शब्दांच्या कडांवर उभे आहे.

वेगाची बाब पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. या तबकड्यांना आपण सरसकट मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या म्हणतो, पण आरंभीच्या काळात हा वेग पक्का नव्हता, काही तबकड्या सत्तरीच्या मध्यावर तर काही ऐंशीच्या पुढे मुद्रित झाल्या. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की आवाज हार्मोनियमच्या एका पट्टीने वर चढतो. एकाच तबकडीच्या दोन प्रती संगणकावर वेगवेगळ्या पट्टीत ऐकू येतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. गायकाचा आवाज विनाकारण बालिश किंवा ताणलेला वाटला, तान अशक्य वेगाने गेल्यासारखी वाटली, तर वेग किंचित कमी करून पुन्हा ऐकावे. संगणकावरील कोणत्याही साध्या ध्वनिसंपादकात हे करता येते.

प्रत्यक्ष तबकड्या हव्या असतील तर आधी आप्तेष्टांच्या घरी चौकशी करावी. महाल, इतवारी येथील वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत, आणि माळ्यावरच्या ट्रंका थेट कबाड्याकडे जातात. घर रिकामे होणार असे कळले की संकोच न करता विचारावे. तबकडी घेताना लेबलाच्या मोहात न पडता खाचा पाहाव्यात. खाचा करड्या, निस्तेज दिसत असतील तर लोखंडी सुईने तबकडी झिजली आहे असे समजावे.

मिळालेली तबकडी चावीच्या ग्रामोफोनवर लावण्याचा मोह आवरावा. त्या यंत्राचा ध्वनिपेटीसह भार शंभर ग्रॅमहून अधिक असतो आणि लोखंडी सुई दर बाजूनंतर बदलली तरी प्रत्येक वेळी खाच थोडी खाल्ली जाते. ७८ चा वेग असलेला हलका टर्नटेबल घ्यावा, आणि त्यावर या तबकड्यांसाठी बनवलेली वेगळी सुई बसवावी. पुढच्या काळातील एलपी तबकड्यांची सुई येथे चालत नाही, कारण या खाचा त्या सुईच्या मानाने सुमारे तिप्पट रुंद असतात. ती तळाशी घरंगळते आणि खरखर तेवढी वाढते.

साफसफाईत माझ्या हातून एक अपराध घडला आहे, तो सांगणे माझे कर्तव्य आहे. या तबकड्या लाखेच्या असतात. आपल्याकडे पळस, कुसुम, बोरीच्या झाडांवर जो लाखेचा किडा पोसला जातो, त्याच लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून त्या बनत. लाख मद्यार्कात विरघळते हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होते, तरीही एका दुपारी बुरशी निघेना म्हणून मी कापसावर स्पिरिट घेतले. कापूस काळा झाला आणि खाचांवर कायमचा धुरकट पट्टा उमटला. ती तबकडी सुंदराबाई जाधव यांची होती. तेव्हा स्पिरिट, सॅनिटायझर, काचा पुसण्याचे द्रव यांतले काहीही वापरू नये. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने हात, लेबलाला पाणी न लागू देणे आणि लगेच टिपून कोरडे करणे एवढे पुरे आहे.

नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा स्लॅबखालचा माळा भट्टीसारखा तापतो आणि आडव्या रचलेल्या तबकड्या पापडासारख्या वाकतात. त्या घराच्या आतल्या, सर्वांत गार खोलीत खालच्या फळीवर उभ्या ठेवाव्यात, एकमेकींना हलक्या टेकवून पण कलू न देता. मात्र ती खोली कूलरची नसावी. कूलरच्या दमट हवेने कागदी पाकिटांना बुरशी येते आणि ती खाचांत शिरते. पाकिटे जुनी, छापील असतील तर फेकू नयेत, तबकडी नव्या आम्लरहित कागदात ठेवून जुने पाकीट बाजूला जपावे. त्यावरील जाहिराती आणि दुकानांचे शिक्के हाही इतिहासाचाच भाग आहे.

एक पद पुरते कळल्यावर पुढे कोठे जावे, हे प्रत्येकाने आपल्या ओढीने ठरवावे. विदर्भातल्या माणसाला जवळच्या वाटा पुष्कळ आहेत. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांच्या १९२७ च्या ‘रणदुंदुभि’ नाटकातील ‘परवशता पाश दैवे’ हे पद मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या आवाजात ऐकावे आणि ते बालगंधर्वांच्या पदाशेजारी ठेवावे. एक आवाज लडिवाळ वळणांनी जातो, दुसरा विजेसारखा कोसळतो, आणि दोघेही एकाच काळचे श्रोते जिंकत होते. दीनानाथांच्या गायकीचा ठसा पुढे ज्यांच्यावर उमटला ते वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरला जन्मले आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, म्हणजे ही वाट पुन्हा आपल्याच शहरात येते. दुसरी वाट भावगीताकडे जाते. मेहकरचे ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानांत गेली बाई शीळ’ ही कविता गो. ना. जोशी यांनी तबकडीवर गायिली, आणि नाटकाच्या आधाराशिवाय एकटे उभे राहणारे मराठी गाणे घराघरांत पोहोचले. बाईच्या आवाजातले नाट्यपद ऐकायचे असेल तर हिराबाई बडोदेकर ऐकाव्यात, त्यांच्यापासून वडील अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्यांकडे आपसूक पाय वळतात.

जे सापडेल त्याची नोंद त्याच दिवशी करावी. माझ्या वहीत प्रत्येक पदाला एक पान आहे. त्यावर पदाचे पहिले शब्द, नाटक, रचनाकार, संगीतकार, ‘चाल’, गायक, लेबलावरचा क्रमांक, कोरलेला क्रमांक आणि ते कोठे ऐकले हे लिहिलेले असते. जे अनुमान आहे ते शिसपेन्सिलीने आणि जे पडताळले ते शाईने लिहितो. तबकडी संगणकावर उतरवली असेल तर मूळ ध्वनी जसाच्या तसा डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवावा आणि बदल करायचे ते त्याच्या नकलेवर करावेत. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो, त्यामुळे या काळातील मुद्रणे इतरांना ऐकवण्यास त्या हक्काची अडचण येत नाही.

आणि ऐकवावीत ती आधी घरातील वडीलधाऱ्यांना. आत्याला मी ते सिंधूचे पद ऐकवले तेव्हा ती नव्वदीला टेकली होती. पद संपण्याआधीच ती पुढची ओळ म्हणू लागली, तीही तबकडीवर नसलेल्या एका वेगळ्या वळणाने. विचारल्यावर म्हणाली, आमच्या आईच्या तोंडी ते असेच होते. ते वळण मी फोनवर मुद्रित करून घेतले आणि वहीत त्या पदाच्या पानावर तारखेसह नोंदवले.